तुमच्या अंगठ्याचा फोटो

नाना, तुमचा फोटो मागताहेत सगळे.

परवा सकाळी सोमा आला. मेंढरं हिंडवणाऱ्या घरातला, तुमचा लाडका सोमा. चौकात फ्लेक्स लावायचाय म्हणाला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. तुम्ही शिकवलेली पोरं मिळून लावणार आहेत. "तुज्याकडं आसंलच की येखादा फोटू. तू तर कायम त्यांच्यासंगं आसायचास." मी मोबाइल काढला आणि उगाच खालीवर करत बसलो. माझ्या मोबाइलात माझेच हजारभर फोटो आहेत. गाडीसोबत, केकसोबत, कुठल्यातरी दादांच्या खांद्याला खांदा लावून. तुमचा एकही नाही. म्हणजे एक आहे, पण तो सोमाला दाखवण्यासारखा नव्हता. "बघतो," म्हणालो आणि त्याला वाटेला लावलं.

तुमच्या नावाखाली काय लिहायचं यावरही पोरांचं एकमत होईना. आपल्या चांदे गावात फ्लेक्सवर जायचं तर माणसाला पद लागतं. युवा नेते, उद्योजक, समाजसेवक, काहीतरी पाहिजेच. नुसतं 'प्लंबर' लिहिलं तर पोरांना हलकं वाटतं आणि 'समाजसेवक' लिहिलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असता. ओडिशातून आलेला माणूस, चौदा वर्षं आमच्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीत भाड्यानं राहिला आणि गावातल्या अकरा पोरांच्या हातात पाना दिला. आता याला कुठल्या पदावर बसवायचं? आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, त्यांनी तर पहिल्याच दमात उडवून लावलं. "परप्रांतीयाचा फ्लेक्स? उद्या समदेच मागतील. माज्या जागंतल्या खांबाला बांधायचा न्हाई." सोमा म्हणाला, "तात्या, तुमच्या नातवाला कुनी शिकिवलं मग?" तात्या तंबाखू मळत आत गेले. खांब त्यांचाच आहे, त्यामुळं पोरं दुसरा खांब शोधायला निघाली.

तुम्ही असता तर तात्यांचीच बाजू घेतली असती. "छोड़ो, बूढ़ा आदमी है," म्हणाला असता. मला तुमचा हा समजूतदारपणा कधीच आवडला नाही. माणसानं कधीतरी चिडावं. तुम्ही माझ्यावर एकदाच चिडलात आणि तेही आवाज न चढवता.

तुमच्या हाताखालची ओडिया पोरं तुम्हाला नना म्हणायची, थोरला भाऊ या अर्थानं. आमच्या तोंडी त्याचं नाना झालं आणि तुम्हीही ते चालवून घेतलंत. आईनं तर तुम्हाला भाऊबीजेला ओवाळायला सुरुवात केली. पण जेवणावरून तुमचं दोघांचं कधी जमलं नाही. आमच्या खाचरातला नवा इंद्रायणी तिनं पहिल्यांदा तुम्हाला दिला, तर तुम्ही शिजवून रातभर पाण्यात भिजवलात आणि सकाळी कांदा-मिरचीसोबत ओरपलात. आईचा जीव कळवळला. "आवं नाना, ह्यो दुधात खायाचा तांदूळ हाय. त्याचा वास समदा पान्यात गेला की!" तुम्ही तिला वाडगं पुढं केलंत, "खाऊन तो बघा, दीदी." तिनं घोटभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती स्वतः तसा भात भिजवून खाताना मी पाहिली. मला बघून तिनं वाटी पदराआड घेतली.

आपली खरी ओळख कशी झाली ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आमच्याकडं राहायला येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण मी तुमच्याशी धड बोललोही नव्हतो. वीस वर्षांचा होतो. खालच्या अंगाची जमीन नुकतीच विकलेली, दारात नवी गाडी, नवा बंगला आणि मला काडीचं काम नाही. तुम्ही सकाळी पिशवी घेऊन निघायचात तेव्हा मी गाडीच्या बॉनेटवर बसलेलो असायचो. संध्याकाळी परत यायचात तेव्हाही तिथंच. मग बंगल्याच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, स्टीलचा पेला मागितलात, त्याचं तोंड भिंतीला लावून बुडाला कान लावलात. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "मालिक का घर है, मालिक सुनेगा." माझी पांढरी पँट. मला गुडघ्यावर बसायला लावलंत. मला काही ऐकू आलं नाही, पण आलं म्हणून सांगितलं. तुम्ही छिन्नी माझ्याच हातात दिलीत.

टाइल्स फोडल्या, सिमेंट उकरलं आणि सांधा दिसला. पाइप जोडणीच्या कप्लिंगमधून नखभर मागं सरकलेला. "किसी ने हाथ जल्दी छोड़ा," एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही मला जे शिकवलंत तेच पुढं सगळ्यांना शिकवलंत. पाइपला चिकटवायचं सोल्यूशन लावायचं, आत सारायचा, थोडा पिळायचा आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचा. तीस आकडे होईपर्यंत सोडायचा नाही, कारण ओला सांधा पाइपला बाहेर ढकलत असतो. तुम्ही तुमच्या भाषेत मोजायचात. एक, दुइ, तिनि, चारि. आम्हाला दहाच्या पुढचं ओडिया काही केल्या जिभेवर बसेना. मग तुम्हीच तोडगा काढलात, दहापर्यंत तीन वेळा म्हणा. पुढं कितीतरी वर्षं आमच्या अंगणात रविवारी सकाळी चांद्याची पोरं पाइप छातीशी धरून ओडियात दहापर्यंत तीन वेळा मोजायची, आणि बाया पाणी भरता भरता थांबून हसायच्या.

तात्या तेव्हाही बोललेच होते. "पाटलाची पोरं आता संडासाच्या नळ्या जोडाया लागली." चार पोरं उठून जायच्या बेतात होती, त्यात मी पहिला. तुम्ही तात्यांकडं पाहिलंही नाही. त्यांचा नातू कडेला उभा होता, त्याला हाक मारलीत, गुडघ्याखाली घ्यायला पोतं दिलंत आणि म्हणालात, "बैठो. पाच मिनिट." तो बसला. मग आम्हीही बसलो. तुम्ही कधी आम्हाला आयुष्यावर भाषण दिलं नाहीत. दुसऱ्याच्या घरातलं काम संपल्यावर तिथली फरशी स्वतः पुसायचात, चिखलाचा एक ठसा राहू द्यायचा नाहीत, आम्ही बघायचो. साडेसातला निघायचं म्हणजे साडेसातला. जमिनीचे पैसे आले तेव्हापासून आमच्या बापांना आम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आम्हाला एक माणूस मिळाला होता ज्याच्याकडं बघून सकाळी उठावंसं वाटायचं. तो परमुलखातून आलेला, आमच्याच खोलीत भाड्यानं राहणारा असावा, याची तेव्हा जरा लाजही वाटायची. ही गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्हाला ती ठाऊक असणार.

मग मला ठेका मिळाला. आमची जमीन गेली त्याच अंगाला टॉवर उभा राहिला, तेव्हा गाववाल्यालाच काम द्या म्हणून आम्ही गेटवर जाऊन बसलो. हा इथला रिवाज. कुणी खडी घेतली, कुणी माती, मी प्लंबिंग घेतलं. मला येतंय म्हणून घेतलं, पण खरं तर तुम्ही आहात म्हणून. तुम्ही हातातलं चांगलं काम सोडून आलात. एकच अट घातलीत, "तू हाथ से करेगा ना?" मी हो म्हणालो. तीन महिने केलंही. मग पांढरे शर्ट आले, व्हिजिटिंग कार्ड आलं, दिवसभर फोन कानाला. तुम्ही येता-जाता माझा तळवा धरायचात, अंगठ्यानं चाचपायचात आणि म्हणायचात, "छोटे मालिक, हाथ सूखा है." पोरं हसायची. मीही हसायचो. पण आतून मला त्याचा राग यायला लागला होता.

त्या वर्षी वादळानं तुमच्या गावाकडच्या घराचं छप्पर उडवलं. तुम्ही वीस दिवस गेलात. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलंत, दहावा आणि अकरावा मजला राहिलाय, माणसं कमी आहेत, सावकाश कर, आणि टेस्टिंगशिवाय टाइलवाल्याला आत सोडू नको. मला काय नवीन होतं? नळाची सगळी तोंडं बंद करायची, पंपानं लाइनीत पाणी दाबायचं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सातवर आणायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. काटा सातवरच असला तर लाइन पक्की. उतरला तर भिंतीत कुठंतरी सांधा सुटतोय. आणि प्रत्येक बाथरूमचा गेजचा फोटो फायलीला लावून इंजिनियरला द्यायचा.

तुम्ही गेलात आणि टाइलवाले दारात येऊन बसले. इंजिनियर दिवसातून चारदा फोन करायचा. माणसं कमी पडली म्हणून दहाव्या मजल्यावरचं एक बाथरूम मी स्वतः जोडलं, एक हजार चार नंबरच्या फ्लॅटमधलं. मलाही अजून येतंय हे पोरांना दाखवायचं होतं. फोन खिशात वाजत होता. एक सांधा धरून दहापर्यंत मोजलं, एकदाच. बाकीचे दोन वेळचे दहा मी मोजले नाहीत. आजपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नाना, लिहितोयही पहिल्यांदाच.

टेस्टिंग एकाही बाथरूमचं केलं नाही. पंप तुमच्या खोलीत कुलपात आहे, असं मी स्वतःला सांगितलं. चांद्यापासून हिंजवडीपर्यंत पंप भाड्यानं देणारी दुकानं काय कमी आहेत? माझ्या मोबाइलात नवव्या मजल्यावरचा एक फोटो होता. काटा बरोबर सातवर, आणि फोटो काढताना गेज हलू नये म्हणून तुम्ही तो कडेनं धरलेला. फोटो काढायचा म्हटलं की तुम्ही नेहमी बाजूला सरकायचात, "मेरा क्या देखना, काटा देखो." त्यामुळं त्यात तुमचा फक्त अंगठा आलाय. मधोमध दुभंगलेलं, काळं पडलेलं नख. दोन मजले, आठ फ्लॅट, सोळा बाथरूम. फ्लॅटचा नंबर बदलत गेलो आणि तोच फोटो सोळा वेळा लावला. इंजिनियरनं पान उलटायचेही कष्ट घेतले नाहीत. टाइल्स बसल्या.

तुम्ही गावाहून आलात ते थेट साइटवर. माझ्यासाठी घरचे नारळाचे लाडू आणले होते. साइट ऑफिसच्या कंटेनरमधल्या टेबलावर फाइल होती, सहज उघडलीत. एक पान, दुसरं, तिसरं. शेवटपर्यंत उलटलीत. मग फाइल माझ्यापुढं सरकवलीत आणि त्या फोटोवर बोट ठेवलंत.

"ये किसका अंगूठा है?"

मी हसलो. "तुमचाच की, नाना."

"हम तो घर पे था," तुम्ही म्हणालात.

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. तुम्ही म्हणालात, पंप लाव. टाइल फोडू नको, काही फोडू नको, नुसता पंप लाव, बघू. आता लाव, लोक राहायला यायच्या आत लाव. मी म्हणालो गरज नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात. आणि मी का नाही म्हणतोय ते तुम्हाला कळलं होतं. काटा उतरला तर मला ते माहीत झालं असतं. तेव्हा मी बोललो. कंटेनरमध्ये सोमा होता, दोन ओडिया पोरं होती, सगळ्यांसमोर बोललो. "ठेका माजा हाय. तुमी माज्या हाताखाली हाय, मी तुमच्या न्हाई. आन् बाहेरच्या मानसानं मला हितं शिकवायचं न्हाई."

बाहेरचा माणूस. चौदा वर्षं. आई तुम्हाला ओवाळते.

तुम्ही लाडवाचा डबा टेबलावर ठेवलात. "काम हम कल से नहीं करेगा," म्हणालात आणि पिशवी उचलून निघालात. मी थांबवलं नाही. मला वाटलं, येतील चार दिवसांत.

आठ महिने झाले. एकाच अंगणात आपण आठ महिने एकमेकांसमोरून गेलो. तुम्ही दुसरीकडं कामाला लागलात. रविवारचा वर्ग चालूच होता, मला खिडकीतून मोजणं ऐकू यायचं. मी उशी कानावर घ्यायचो. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत, आबांना नाही, आईला नाही. तुम्ही चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर मलाही भांडायला तोंड मिळालं असतं. आणि पहिल्याच महिन्यात एका सकाळी आमच्या ओट्यावर तो टेस्टिंग पंप ठेवलेला दिसला. स्वच्छ पुसलेला, गेज कापडात गुंडाळलेला. निरोप नाही. मला निरोप कळला आणि मी पंप उचलून जिन्याखाली ढकलून दिला. वर जुना गालिचा टाकला.

तो तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द होता. मी उत्तर दिलं नाही.

तुम्ही गेलात ते अंगणभर कुणाला कळलंही नाही. साडेसात वाजून गेले तरी दार उघडलं नाही म्हणून तुमच्या पुतण्यानं, बाबुलीनं, धक्का मारला. चहाचं भांडं गॅसवर होतं, पाणी मोजून घातलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. नदीवर नेलं. तिकडून कुणाला वेळेत येणं शक्य नव्हतं. तुमच्या मुलीला, लिपीला, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मी धरला. दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. ती रडत नव्हती, एकसारखी म्हणत होती, "भैया, थोड़ा पास से." मी पुढं गेलो. "और थोड़ा." बाबुलीनं अग्नी दिला तेव्हा धग माझ्या मनगटाला लागत होती आणि मी मनात मोजत होतो, दहापर्यंत, तीन वेळा, पुन्हा तीन वेळा. हात सोडला नाही. त्याचा तुम्हाला काय उपयोग?

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. दहाव्याला फ्रेम ठेवायची आहे, घरात एक लग्नातला फोटो आहे आणि एक आधार कार्डावरचा. "पापा जैसे थे वैसा कोई फोटो है आपके पास?" मी म्हणालो, शोधतो. परवा सोमाही तेच विचारून गेला. मग दुपारी मी जिन्याखालचा पंप काढला.

काल सकाळी टॉवरवर गेलो. सोळा बाथरूम, आठ दारं. आता तिथं लोक राहतात, दारात चपलांचे स्टँड आहेत, तुळशीच्या कुंड्या आहेत. पहिल्या दारातली बाई म्हणाली, "लीकेज नाहीये ना? मग कशाला?" दुसऱ्यानं सोसायटीचं लेटर मागितलं. तिसऱ्या दारी कुणी नव्हतं. एकानं आतूनच "नो, थँक्यू" म्हटलं, मी काहीतरी विकायला आलोय असं त्याला वाटलं असावं. वरचा मजला झाला, खालचा झाला. एक हजार चारमध्ये मुद्दाम शेवटी गेलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. मुलगा-सून ऑफिसला गेलेली. "या, या," म्हणाले, "दिवसभर दाराची बेलच वाजत नाही." चपला काढून आत गेलो. नळ, शॉवर काढले, तोंडं बंद केली, पंप जोडला. ते बाथरूमच्या दारात खुर्ची घेऊन बसले. गेज बघून म्हणाले, "माझ्या बीपीच्या मशीनसारखंच आहे की हे."

काटा सातवर आणला. त्यांनी चहा केला. चहा होईपर्यंत काटा साडेसहाच्या खाली आला होता. मी पंपाचे जोड पुसून पाहिले, तोंडं तपासली, सगळं कोरडं. त्यांनी मला त्यांच्या गावच्या शाळेबद्दल सांगितलं, मी हं हं करत राहिलो. त्यांचं जेवण झालं तेव्हा काटा चारवर होता. एक पेला मागून घेतला आणि भिंतीला लावून कान दिला. वीस वर्षांचा असताना तुम्हाला खोटं सांगितलं होतं, नाना. काल मात्र खरंच ऐकू आलं.

"आजोबा, भिंत फोडावी लागंल. चूक माझी हाय, खर्च माझा," मी म्हणालो. त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा बराच वेळ बोलत होता. मग ते ओशाळून म्हणाले, "तो म्हणतो राहू द्या. ओल दिसली तर बघू म्हणतो. नवीन घर आहे हो." मी नळ परत बसवले. निघायच्या आधी मात्र गेज माझ्या अंगठ्यानं सरळ धरला, काटा चारवर, आणि फोटो काढला. कोरडा, गुळगुळीत अंगठा. खाली लिहिलं, दहाव्या-अकराव्या मजल्याचं टेस्टिंग झालेलं नाही, फायलीतले सोळाही फोटो खोटे आहेत, मी लावले. इंजिनियरला पाठवलं. फरशी पुसली.

लिफ्टमध्येच उत्तर आलं. "डोकं फिरलं का? डिलीट कर. पुढच्या टॉवरचं काम पाहिजे ना? फायलीला जुनाच फोटो राहू दे."

मी लिहिलं, "त्या फोटोतला माणूस वारला, साहेब." त्यानं वाचलं. संध्याकाळी कळलं की पुढच्या टॉवरचं काम तात्यांच्या जावयाला दिलंय. इंजिनियर आमची फाइल जशीच्या तशी ठेवेल. कुणी काही उघडणार नाही. एखाद्या पावसाळ्यात नवव्या मजल्याच्या छताला डाग पडेल, लोक वरच्याशी भांडतील, कुणीतरी वरून पांढरं फासून जाईल.

आज सकाळी सोमाकडं गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, ते न मोजलेले वीस आकडेसुद्धा. तो बकरीचं खूर साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "मला ठावं हुतं. तितंच हुतो की मी." मग जरा थांबून म्हणाला, "नाना दर आयतवारी इचारायचे. टॉवरवर पंप नेला का रं त्यानं? मी म्हनायचो न्हाई. मंग म्हनायचे, नेईल." आठ महिन्यांत किती रविवार येतात ते मी मोजलं नाही. अकरा पोरांतला आता एकटा सोमाच पाना धरतो. बाकीचे माझ्यासारखे झाले. तुमच्या खोलीत सामानाची पार्सलं वाटणारी दोन पोरं राहायला येणार आहेत, आबांनी शब्द दिलाय. फ्लेक्सला खांब मिळालेला नाही.

लिपीला तुमच्या अंगठ्याचा तो फोटो दुपारी पाठवला. कापला नाही, गेजसकट पाठवला. लिहिलं, माझ्याकडं एवढाच आहे, माफ कर. तिनं लगेच लिहिलं, "हाँ भैया, ये पापा ही हैं." उद्या तुमच्या घरी तो फ्रेममध्ये लागेल, त्याला हार घालतील, पुढं भात ठेवतील.

आणि इथं, कंटेनरमधल्या कपाटात, त्या फायलीत अजूनही सोळा पानांवर तुमचा अंगठा आहे. मला तो काढता आला नाही. तुम्ही तर घरी होता, नाना.